फुटली म्हणणारी कासारीण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. बालाघाटाच्या डोंगरात वर्षं मोजत नाहीत, दुष्काळ मोजतात, आणि दुष्काळांचीही मोजदाद आता चुकली आहे. त्या काळी हिवरदरा गावाला सडक नव्हती की दवाखाना नव्हता. ताप आला तर काढा, हाड मोडलं तर बांबूच्या कामट्या, आणि मन मोडलं तर सातकडी.

सातकडी म्हणजे गावामागच्या टेकडीवरचा दगडी खांब. खांबाला सात साखळ्या, आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला एक लोखंडी कडं. जो एकटाच बडबडतो, जी बोलायचीच बंद होते, जी भलत्या वेळी रडते नाहीतर भलत्या वेळी हसते, त्याला वारं लागलं म्हणायचं, टेकडीवर न्यायचं, मनगटावर कडं चढवायचं आणि वरून खिळा ठोकायचा. खिळा ठोकणार भगत, काढणारही भगतच. आणि नियम असा की खांबाला बांधलेल्याशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही. बोललं तर त्याचं वारं बोलणाऱ्याला धरतं. असं म्हणतात, त्या टेकडीवर पाखरंसुद्धा गप्प उडायची.

टेकडीवरून बरी होऊन कुणी आलंच नाही असं नव्हे. आली माणसं. पण ती पुन्हा कधी मोठ्यानं बोलली नाहीत, आणि गाव त्यालाच बरं होणं म्हणायचं.

त्याच मुलखात ठकूबाई नावाची एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पाटी, पायात जाडजूड वहाणा, आणि जीभ अशी की कुत्रंसुद्धा भुंकायच्या आधी दोनदा विचार करी. महिन्याला बावीस गावं फिरायची. तिच्या हाताला गुण होता. कितीही रुंद पंजा असो, कितीही लहान मापाची बांगडी असो, ती आंगठा तळहातात मुडपायची, बोटांची हाडं एकावर एक घ्यायची आणि म्हणायची, "हात सैल सोड, लेकी." हात सैल सुटला की बांगडी पाण्यासारखी आत जायची. आवळून धरलेल्या हातावर मात्र बांगडी फुटते. कासाराला हे शिकवावं लागत नाही.

आता एक शब्द नीट ऐकून ठेवा. आपल्याकडं नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. आणि सवाष्णीच्या हातातली बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते. फुटली म्हणणं अभद्र. हातातून रक्ताची धार लागली तरी म्हणायचं, वाढली. शब्द मोठा गोड आहे. ठकूबाईही तरुणपणी तो दिवसातून वीस वेळा म्हणायची.

मग एका वर्षी ती धाकट्या बहिणीच्या, सुभीच्या, सासरी गेली. सुभीनं हात पुढं केला. हात लाकडासारखा ताठ. पहिली बांगडी फुटली, दुसरी फुटली, तिसरीही फुटली. ठकूनं बहिणीच्या तोंडाकडं पाहिलं. सुभी काही बोलेल असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती बोलेल याची भीतीही वाटली, कारण अजून चार गावं व्हायची होती आणि ऊन चढलं होतं. तेव्हा ठकू हसून म्हणाली, वाढली गं, वाढू दे, भाग्य वाढतं. चौथी बांगडी तिनं कशीबशी चढवली आणि पाटी उचलली.

तिसऱ्या दिवशी सुभीनं जीव दिला. गाव म्हणालं, पाय घसरला.

त्या दिवसापासून ठकूबाईच्या तोंडून वाढली हा शब्द गेला तो गेलाच. पाटी उतरवली की ती आधी सांगायची, माझ्यापाशी फुटली म्हणायचं. जिला जमत नसेल तिनं दुसरा कासार बघावा. म्हाताऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. एकीनं तर विचारलंच की तुझ्या धंद्याला तरी हे बरं का. ठकू म्हणाली, "वाढली म्हटलं की कुणी पुढं इचारत न्हाई. फुटली म्हटलं की इचारावं लागतं, कुठं लागली."

आणि ती विचारायची. बांगडी फुटो न फुटो, हात ताठ लागला की तो दोन्ही हातांत धरून विचारायची, कुठं लागली? पहिल्यांदा बायका हसल्या. मग एकीनं सांगितलं की काच नाही लागली, दिराचं बोलणं लागलंय. दुसरीनं सांगितलं की पहाटे उठावंसं वाटत नाही, अंगात दुखणं नाही, तरी वाटत नाही. तिसरी नुसतीच रडली. ठकू उपाय सांगायची का? फार थोडे. कधी म्हणायची, वैद्याकडं जा, हे पोटाचं दुखणं आहे, मनाचं नाही. कधी सासूला बाहेर बोलावून चार शब्द ऐकवायची. बाकी वेळ ऐकायची. आणि पुढच्या महिन्यात आली की बरोबर तिथूनच धागा उचलायची: मागच्या खेपेला तू चुलीपर्यंत आली होतीस, पुढं काय झालं? बावीस गावांतल्या बायकांचं दुःख कुठवर आलंय हे तिला तोंडपाठ होतं. स्वतःच्या वहाणा कुठं काढल्या ते मात्र रोज विसरायची.

विधवा तिच्याकडं येत नसत. भुंड्या हातांचं कासाराकडं काय काम? तर ही बाई स्वतः उठून त्यांच्या ओसरीवर जायची. मोकळं मनगट हातात घ्यायची, आंगठा मुडपायची, हाडं दाबायची, सगळं बांगडी भरताना करतात तसं, फक्त बांगडीशिवाय. त्यावरून शिव्या खाल्ल्या तिनं. एका गावानं वेशीवरूनच परत पाठवलं, तर ती वेशीवरच पाटी मांडून बसली. असं म्हणतात, तिनं धरलेल्या भुंड्या हातांतून पुढं महिनाभर कामाच्या वेळी किणकिण ऐकू यायची. असंही म्हणतात की ज्या घरात कुणी आत गिळून बसलंय त्या घरावरून ती गेली की पाटीतल्या बांगड्या आपोआप वाजायच्या. ज्याला खरं वाटतं त्यानं मानावं.

हिवरदऱ्यात कोंडाबाई नावाची एक लेक सासरी नांदत होती. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव कोंडा ठेवलं होतं, मृत्यूला किंमत कळू नये म्हणून. नवरा लिंबाजी, कमी बोलणारा, राबणारा माणूस. त्यांना मुलगा झाला आणि अकराव्या दिवशी गेला. बारसं बाराव्या दिवशी होतं.

तिथली रीत अशी की ज्याचं बारसं झालं नाही त्याच्यासाठी रडायचं नाही. नाव नाही तर माणूस नाही. लिंबाजीनं पोर फडक्यात गुंडाळून शेताच्या बांधावर नेलं आणि मोकळ्या हातांनी परत आला. सासूनं चूल पेटवली. ती काही दुष्ट नव्हती. तिनं स्वतःची दोन अशीच गिळली होती, आणि गिळता येतं हे तिला ठाऊक होतं. कोंडाला ती म्हणाली, दुसरं होईल. शेजारीण म्हणाली, दुसरं होईल. पाणवठ्यावरच्या बायका म्हणाल्या, दुसरं होईल. कोंडा बोलायचीच थांबली.

चार महिने ती बोलली नाही. आणि चैत्रातल्या एका भर दुपारी ती उंबऱ्यावर येऊन बसली आणि हातातल्या सगळ्या बांगड्या तिनं एकेक करून पायरीच्या दगडावर फोडल्या. किंचाळली नाही, रडली नाही. नवरा जिवंत असताना सवाष्णीनं आपल्या हातानं चुडा फोडला! गल्ली गोळा झाली. सासूनं ऊर बडवून घेतला. तिला सुनेचं दुःख दिसलं नाही, आपल्या लिंबाजीचं मरण दिसलं. आईच ती, तिला तरी किती बोल लावणार? संध्याकाळच्या आत कोंडाच्या मनगटावर सातकडीचं कडं होतं.

येसू भगतानं खांबाला राख लावली आणि सांगितलं, वारं हातात उतरलंय. अमावास्येच्या भर दुपारी उजव्या तळहाताला तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा, म्हणजे निघेल. अमावास्या नऊ दिवसांवर होती.

त्याच सुमाराला गुणाजी पाटलाच्या घरी लग्न निघालं होतं. लेक शेवंता, मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, अमावास्येनंतर तिसऱ्याच दिवशी. चुड्याचं माप घ्यायला ठकूबाईला बोलावणं गेलं. कोंडाला बांधल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आली, पाटलाच्या सोप्यात बसली, शेवंताचा हात धरला. नवरीचा हात लोण्यासारखा असायचा, तो निघाला दगड.

ठकूनं विचारलं, कुठं लागली? शेवंतानं आधी दाराकडं पाहिलं. मग हळूच सांगितलं की कोंडा तिची मैत्रीण आहे, ती टेकडीवर बांधलेली आहे, तिचा हात जाळणार आहेत, आणि इथं घरात लग्नाची गाणी म्हणतात.

ठकूबाईनं माप खाली ठेवलं. पाटी उचलली. सोप्यातून अंगणात आली, अंगणातून गल्लीत आली, आणि गाव ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "ज्या दिवशी त्या पोरीचा हात कड्यातून सुटंल, त्या दिवशी ह्या गावात बांगडी भरीन. तवर नवरीच्या बी न्हाई आन् पाटलिणीच्या बी न्हाई."

आणि पाटी घेऊन टेकडी चढली.

पाटील हसला. म्हणाला, कासार काय एकच आहे का? त्यानं दोन दिशांना दोन माणसं धाडली. माणसं परत आली ती एकटीच. एका कासाराला अचानक ताप भरला होता आणि दुसऱ्याचं घोडं लंगडत होतं. खरी गोष्ट अशी की दोघांच्या घरातल्या बायकांनी बजावलं होतं, हिवरदऱ्याला गेलात तर परत येऊन चूल आपली आपण पेटवा. आणि चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी राहत नाही.

टेकडीवर येसू भगतानं ठकूला अडवलं. बांधलेलीशी बोललीस तर तिचं वारं तुला धरेल म्हणाला. ठकू म्हणाली, धरू दे, माझा हात रिकामाच आहे. आणि ती खांबापाशी बसली, कोंडाचा कड्यातला हात तिनं मांडीवर घेतला. मनगट सोललं होतं. बोटं आवळलेली, गार पडलेली. ठकूनं विचारलं, कुठं लागली?

उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा तिच्या तोंडाशी नेला, तो तिनं खाल्ला, पण उत्तर नाही. चौथा गेला, पाचवा गेला. ऊन असं की खांबाला हात लागला तर चटका बसे. ठकू पदराची सावली करून बसायची. खाली गावात तिला वेडी म्हणायला लागले होते, आणि वर बसल्या बसल्या तिलाही कधी वाटायचं की लोक म्हणतात ते खरं असेल. तिच्या मांडीवरचा हात सुभीच्या हातासारखाच होता. तसाच ताठ. ती घाबरली होती. बावीस गावांना न घाबरलेली बाई त्या एका हाताला घाबरली होती, कारण हा हात न बोलता जळाला तर सुभी दुसऱ्यांदा मेली असती.

सहाव्या दिवशी पाटलाच्या वाड्यावरची एक मोलकरीण सरपणाचं निमित्त करून टेकडीवर आली, खांबापासून लांब बसली आणि थोड्या वेळानं गेली. सातव्या दिवशी पाच बायका सरपणाला आल्या. त्या टेकडीवर सरपण कधीच नव्हतं. आठव्या दिवशी इतक्या आल्या की भगतानं शिव्या घातल्या तर तो कुणाला घालतोय हेच कळेना.

आठव्याच दिवशी ठकूनं प्रश्न विचारला नाही. तिनं कोंडाचा हात धरला आणि स्वतःच म्हणाली, "फुटली."

आणि मग तिनं सुभीची गोष्ट सांगितली. तीन बांगड्या कशा फुटल्या, आपल्याला कळलं कसं होतं, आणि चार गावं राहिलीत म्हणून आपण कसं हसलो. आजवर तिनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. बावीस गावांचं ऐकणाऱ्या बाईला कुठं लागली हे एकानंही विचारलं नव्हतं. सांगताना ती लहान मुलीसारखी रडली. कोंडा बोलली नाही. पण इतके दिवस क्षितिजाकडं लागलेले तिचे डोळे वळले आणि ठकूच्या तोंडावर थांबले.

नववा दिवस अमावास्येचा. सूर्य डोक्यावर आला. भगतानं शेणकुटांचा विस्तव केला आणि लोखंडाची सळई त्यात खुपसली. पाटील गडी घेऊन वर आला. त्याला दोन कामं होती, डाग देऊन हे प्रकरण संपवायचं आणि कासारणीला उचलून खाली न्यायचं. लिंबाजीही आला होता, सगळ्यांच्या मागं मान खाली घालून. बायका खांबाभोवती बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध ठकू, मांडीवर तो हात.

पाटलानं गड्यांना खूण केली. गडी जागचे हलेनात. समोर बसलेल्यांत कुणाची आई होती, कुणाची बायको. तेव्हा पाटील भडकला आणि पुरुषानं पुरुषाला द्यायचा सगळ्यात जुना टोमणा त्यानं दिला. "उभे कामून ऱ्हायलात? हातांत बांगड्या भरल्यात का रे तुम्ही?"

ठकूबाई हसली. असं म्हणतात, ते हसू खाली गावात दळण दळणाऱ्या बायकांना ऐकू गेलं.

"भरा की," ती म्हणाली. "माझ्यापाशी सगळ्या मापाच्या हायेत. पर बांगडी भरायची तर आपला हात दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, पाटील. आन् सैल सोडावा लागतो. तुमच्यातल्या किती जणांची तेवढी छाती हाय?"

विस्तवात सळई लाल होत होती. आणि मग मागून लिंबाजी पुढं आला. गर्दीनं वाट दिली, कारण तो सळई उचलायला निघालाय असंच सगळ्यांना वाटलं. तो ठकूपुढं गुडघ्यावर बसला आणि त्यानं उजवा हात पुढं केला.

ठकूनं तो हात धरला. नांगर धरून राठ झालेला, घट्ट मुठीचा हात. पाटीतली सगळ्यात मोठी हिरवी बांगडी तिनं घेतली. पोरांच्या हसण्याचा एक आवाज आला आणि लगेच विझला. ती म्हणाली, हात सैल सोड, लेकरा. त्याला सोडता येईना. बोटांच्या हाडांवर बांगडी अडली, ताणली आणि फुटली. काच तळहातात रुतली आणि रक्त आलं.

सवयीनं कुणीतरी म्हणालं, वाढली.

लिंबाजीनं मान हलवली. "न्हाई," तो म्हणाला. "फुटली."

आणि ठकू विचारणार, तेवढ्यात दुसऱ्याच कुणीतरी विचारलं. आवाज घोगरा होता, चार महिने न वापरलेला. सगळ्यांनी माना वळवल्या. कोंडा नवऱ्याच्या हाताकडं बघत होती.

"कुठं लागली?"

लिंबाजी बोलला तेव्हा तो बायकोशी बोलला, गावाशी नाही. म्हणाला, बांधावर खड्डा खणला तो लहान झाला. पुन्हा खणला. माती हातानंच लोटली, खोऱ्यानं लोटवेना. घरी आलो तर आई म्हणाली रडायचं नाही, म्हणून रडलो नाही. "म्या त्याचं नाव ठिवलं होतं," तो म्हणाला. "बारशाच्या आधीच. मनातल्या मनात."

"काय?"

"राघू."

कोंडानं ते नाव एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं, असं की टेकडीवरची गप्प पाखरं एकदम उडाली. ती रडली, लिंबाजी रडला, मागं उभी असलेली सासू खाली बसली आणि तिनं आपल्या दोन्ही मुलांची नावं घेतली. तीस वर्षांपूर्वी तिनंही मनातल्या मनात नावं ठेवली होती, आणि घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ठकूला मांडीवरचा हात बदललेला जाणवला. ती फक्त एवढ्याचीच वाट बघत होती. तिनं कोंडाचा आंगठा तळहातात मुडपला, हाडं एकावर एक घेतली, पाटीतलं खोबरेल मनगटाला चोळलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "हात सैल सोड, लेकी."

जी बांगडी चढवते तिला उतरवताही येते. खिळा ठोकलेलं कडं पंज्यावरून तसंच्या तसं निघालं. भगताच्या सात पिढ्यांत असं झालं नव्हतं. असं म्हणतात, कडं दगडावर पडलं तेव्हा लोखंडाचा आवाज झालाच नाही. काचेचा झाला. कड्याचे तुकडे तुकडे झाले, आणि उन्हात ते हिरवे दिसले.

येसू भगत ओरडला की अपशकुन झाला, काहीतरी फुटलं. सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, हो, फुटलं. सळई विस्तवात तशीच गार झाली. गर्दीतून शेवंता पुढं आली, बापासमोर खांबाला टेकून बसली आणि तिनं हात पुढं केला. पाटलाच्या लेकीचा चुडा सातकडीपाशी भरला गेला, आणि एकही बांगडी फुटली नाही. पाटलानं मात्र हात पुढं केला नाही. म्हातारपणी केला म्हणतात, पण ती गोष्ट पाटलाच्या घरचे सांगू देत नाहीत.

कोंडा त्याच दिवशी बरी झाली असं जो सांगेल तो थापा मारतो. दोन वर्षं लागली. कधी आठवडाभर अंथरुणातून उठत नसे. वैद्यानं झोपेसाठी मुळी दिली, ती घेतली. ठकू दर महिन्याला येऊन विचारायची, मागच्या खेपेला बांधापर्यंत आलो होतो, पुढं? बारसं न झालेल्या त्या पोराचं बारसं लिंबाजीनं बांधावर केलं, घुगऱ्या वाटल्या. निम्मं गाव आलं नाही. निम्मं आलं.

मग एक दिवस शेजारच्या वाडीतल्या बाईचा हात ताठ झाल्याचं कानावर आलं आणि ठकू तर वीस कोसांवर होती. कोंडा एकटी उठून गेली. ठकूला हे कळलं तेव्हा तिला कळलं की आपण बावीस गावांचं ओझं उगाच एकट्या डोक्यावर वाहिलं. तिनं प्रत्येक गावात एक माणूस शोधलं. बहुतेक बाया, दोन बाप्ये, एक तर पूर्वी सातकडीला बांधलेला म्हातारा. त्यांना लोक हातधरी म्हणायला लागले. ठकू त्यांना फार काही शिकवायची नाही. हात धर. विचार. मग आपली जीभ आवर. दुसरं होईल म्हणू नकोस. ऐकलेलं वेशीबाहेर नेऊ नकोस. आणि तुझी स्वतःची फुटली तर दुसऱ्या हातधरीकडं जा, माझ्यासारखी वर्षानुवर्षं बसू नकोस.

ती मेली कशी हे कुणी सांगत नाही. असं म्हणतात, एका वर्षी ती फेरीला निघाली, एकवीस गावं केली आणि बाविसाव्या गावात पोहोचलीच नाही. गाव संध्याकाळपर्यंत वाट बघत राहिलं. मग तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की आज तिला सांगायचं होतं ते आपण एकमेकांना सांगून बसलोय. वाटेवर पाटी सापडली. पाटी रिकामी होती.

सातकडीच्या खांबाला आता सहाच कडी उरली आहेत, आणि सहाही गंजून मिटली आहेत. हिवरदऱ्याला सडक आली. खालच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाचे डॉक्टर बसतात, आणि त्यांच्याकडं जायला तिथं कुणी लाजत नाही, कारण हातधरी स्वतः सोबत जाते आणि बाहेर बाकावर बसून राहते. चैत्र अमावास्येला भर दुपारी सगळं गाव टेकडी चढतं. नारळ नाही, गुलाल नाही, देऊळही बांधू दिलेलं नाही. माणसं दोघं दोघं समोरासमोर बसतात, हातात हात देतात. एक म्हणतो, फुटली. दुसरा विचारतो, कुठं लागली? आणि जोवर सगळ्यांचं सांगून संपत नाही तोवर कुणी टेकडी उतरत नाही. उतरताना प्रत्येकाच्या हातात एक हिरवी बांगडी असते, आजोबांच्या, गड्यांच्या, नव्या जावयाच्यासुद्धा.

म्हणून सांगतो, त्या गावच्या माणसाला चुकूनही विचारू नका की हातात बांगड्या भरल्यात का. तो बाही वर सारेल, मनगट तुमच्यापुढं धरेल आणि म्हणेल, होय, भरली आहे. मग तुमचाच हात धरेल.